इनक्युबेटरला चेक दिला, पुढे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्चअखेर जवळ आली की कंपन्यांनी इनक्युबेटरना, म्हणजे नव्या स्टार्टअपना जागा, यंत्रे व मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रांना, मदत दिल्याच्या बातम्या येऊ लागतात. ही मदत मोलाची आहे, म्हणूनच ती वाया जाताना पाहवत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टानुसार, सरकारी निधीवर चालणाऱ्या इनक्युबेटरला दिलेली रक्कम सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामांवर खर्चायच्या नफ्यातील दोन टक्क्यांत धरली जाते. वर्ष सरता सरता मंजूर झालेल्या या पैशातून बहुधा यंत्रे घेतली जातात, कारण यंत्राचे बिल ३१ मार्चच्या आत हाती पडते. मात्र ते चालवणारा तंत्रज्ञ, लागणारा कच्चा माल आणि वार्षिक देखभाल करार यांची तरतूद नसते. वॉरंटी संपली की एखादा सुटा भाग बिघडतो आणि लाखोंचे यंत्र झाकून ठेवावे लागते. तंत्रज्ञाचा पगार मागितला, तर ‘प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे’ असे उत्तर मिळते. हा नियमाचा चुकीचा अर्थ आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च तिच्यात मोडत नाही. शिवाय कंपनीच्या संचालक मंडळाने सुरुवातीलाच ‘चालू प्रकल्प’ असा ठराव केला, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत स्वतंत्र बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मार्चमधली घाई त्यामुळे टळते.

तरीही स्टार्टअपची खरी अडचण वेगळी आहे. उत्पादनाचा नमुना तयार करायला पैसे मिळतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत इनक्युबेटरमार्फत २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. नमुना तयार झाल्यावर हवे असते पहिले गिऱ्हाईक, आणि तिथे गाडी अडते. चेक देणाऱ्या त्याच कंपनीचा खरेदी विभाग व्हेंडर कोडसाठी, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद करून घेण्यासाठी, तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. वर्षभरापूर्वी नोंदलेल्या कंपनीने ते आणायचे कुठून? मग ‘आधी फुकट चाचणी करून दाखवा’ असे सुचवले जाते. फुकट चाचणीला कारखान्यात वाली नसतो. उत्पादन विभाग यंत्र थांबवू देत नाही, निकालाचा मापदंड ठरलेला नसतो, आणि वर्ष उलटले तरी होकारही येत नाही, नकारही.

म्हणून कंपनीने पैसे मोजून चाचणी करून घ्यावी. अशा खरेदीला सीएसआरचा पैसा वापरता येत नाही, कारण ती कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग ठरते. पैसे खरेदी किंवा संशोधन विभागाच्या तरतुदीतून यायला हवेत. चाचणी छोटी ठेवावी. समजा, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राच्या स्पिंडलची (फिरणाऱ्या दांड्याची) कंपने मोजणारा सेन्सर आहे. तर एकच लाइन, दोन यंत्रे आणि आठ ते बारा आठवडे पुरतात. आधीचे दोन आठवडे सेन्सर न बसवता बिघाड आणि थांबलेले तास मोजून घ्यावेत, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? कोणता आकडा आला की पुढची ऑर्डर द्यायची, हे आधीच लिहून त्यावर उत्पादनप्रमुखाची सही घ्यावी. निम्मे पैसे आगाऊ द्यावेत, उरलेले अहवाल मिळाल्यावर. तंत्रज्ञानाची मालकी स्टार्टअपकडेच राहावी, आणि ‘आमच्याशिवाय कुणाला विकू नका’ अशी अट घालू नये. त्या अटीने उत्पादन जागच्या जागी मरते.

राज्य सरकारने हा मार्ग आधीच दाखवला आहे: महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहातील विजेत्यांना सरकारी विभागांत काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश मिळतात; सुरुवातीच्या वर्षांत त्यांची मर्यादा १५ लाख होती.

स्टार्टअपनेही माल पुरवण्याआधी लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे गिऱ्हाइकावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मात्र पहिल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कुणी धजावत नाही. म्हणून देयकाची तारीख करारातच हवी.

छत्रपती संभाजीनगरचे मॅजिक हे इनक्युबेटर उद्योजकांच्याच सीएमआयए या संघटनेने उभे केले. अशा संघटनांनी सशुल्क चाचणीचा एक समान करार आणि नव्या पुरवठादारांसाठी ताळेबंदाची अट शिथिल करणारा व्हेंडर अर्ज तयार करून सभासद कंपन्यांना द्यावा. दोन्ही मिळून चार पानांच्या वर जाणार नाहीत.

आपला,
इनक्युबेशन क्षेत्रातील एक वाचक, पुणे