क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलबद्दल आभार

मेकॅनिकदादा,

सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात घेताना तुमचे आभार मानले होतेच, पण हे काम दोन शब्दांत उरकण्यासारखं नव्हतं. तुम्ही नक्की काय काय केलंत ते इतरांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल टपकतंय म्हटलं की बहुतेक जण ‘मागचं सील गेलं’ असं सांगून मोकळे होतात. हे सील म्हणजे इंजिनचा फिरणारा दांडा, क्रँकशाफ्ट, जिथे मागून बाहेर येतो तिथे ऑइल अडवणारी कडी. माझ्या गाडीचं ते सील आधी दुसरीकडे बदलून झालं होतं, तरी गळती पुन्हा सुरू झाली. ‘सीलच हलकं निघालं’ एवढंच तिथे ऐकायला मिळालं. तुम्ही मात्र पाना हातात घेण्याआधी इंजिन धुऊन कोरडं केलंत, गाडी थोडी चालवून आणलीत आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलात. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत त्याच सांध्यापाशी येतं आणि सीलवर नाहक आळ येतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. वरची बाजू कोरडी होती. खालचं ऑइल तुम्ही बोटावर घेऊन वास घेतलात. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो, तो नव्हता. म्हणजे ऑइल इंजिनचंच.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम त्यानंतरचं. आधीचं सील टिकलं नाही ते कशामुळे, हा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत. इंजिन चालू असताना पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडाफार वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट असलेल्या पोकळीत, उतरतोच. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे त्या वायूला वाट देणारी झडप. ती वाट तुंबली की आत दाब साठतो आणि ऑइल सीलच्या लिपवाटे, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेतून, बाहेर ढकललं जातं. तुम्ही तो पाइप काढून उजेडात धरलात, तर आत काळा चिकट गाळ इतका साचला होता की आरपार काही दिसेना. तो तसाच ठेवून कितीही भारी सील बसवलं असतं तरी तेही गळलंच असतं. पाइप आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवे टाकलेत, तेही सीलला हात घालण्याआधी.

गिअरबॉक्स खाली घेतल्यावर मला जवळ उभं राहू दिलंत, याचेही आभार. जुनं सील उपसताना शाफ्टला ओरखडा पडू नये म्हणून तुम्ही स्क्रूड्रायव्हर घुसवला नाहीत. सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवलात आणि त्या स्क्रूला धरून सील अलगद ओढून काढलंत. मग शाफ्ट पुसून म्हणालात, “नख फिरवून बघा.” जुन्या लिपने घासून पाडलेली बारीक चर नखाला लागत होती. नव्या सीलची लिप पुन्हा त्याच चरीत बसली असती तर गळती कायम राहिली असती. म्हणून आतलं ऑइल परतीचं भोक झाकलं जाणार नाही याची खात्री करून तुम्ही सील किंचित बाहेर, न झिजलेल्या भागावर बसवलंत. चर फार खोल असती तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, चढवावी लागते, हेही तेव्हाच कळलं.

नवं सील पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं होतं. रबरी सीलच्या लिपला ऑइल लावून ते बसवतात, हे मात्र कोरडंच बसवायचं. लिपला बोटही लावायचं नाही. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या रिंगवरून तुम्ही ते सरकवलंत आणि सगळीकडून सारखं, तिरपं न होता आत गेलंय ना ते पुन्हापुन्हा तपासलंत. लिप शाफ्टवर नीट घट्ट बसावी म्हणून 4 तास इंजिन सुरू करायचं नाही, ही सूचना तुम्ही अक्षरशः पाळलीत. गाडी घाईने द्यायची असती तर हा वेळ सहज वाचवता आला असता. मला कळलंही नसतं.

क्लच प्लेट ऑइलने माखली होती, ती बदलणं भागच होतं. गिअरबॉक्स खाली आहेच तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं सील आणि क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही बदलून घ्या, हा तुमचा सल्ला योग्य होता. त्यांच्यासाठी हीच सगळी खोल-बांध पुन्हा करावी लागली असती. फ्लायव्हीलचे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या जड चाकाचे, बोल्ट नवे वापरलेत, कारण ते आवळताना ताणले जाणारे होते. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळत गेलात, शेवटी ठरलेल्या कोनात फिरवलेत आणि प्रत्येकावर रंगाची खूण केलीत.

आता गाडीखालची जमीन कोरडी असते, चढावर क्लच घसरत नाही आणि डिपस्टिकवरची पातळी जिथल्या तिथे आहे. ब्रीदरचा पाइप पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याकडूनच उघडून बघून घेणार आहे. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलालाही माझे आभार सांगा. गिअरबॉक्सचं वजन पेलून धरत त्याने इनपुट शाफ्ट क्लचच्या दात्यांत अचूक सरकवला.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक