कोष्ट्यांकडची ठेव

नाशिक,
११ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

तुझ्या सातवाहनांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मिळालं. मी वाचलं आणि भाचीला दिलं. ती सहावीत आहे, म्हणजे तुझी खरी वाचक तीच. 'गौतमीपुत्राने तलवार उपसली, आकाश थरारलं' इथवर गेली आणि म्हणाली, "मामा, हे बघायला तिथे कोण होतं?" मला हसू आलं. राजाच्या तोंडी तू एवढी भाषणं घातलीस की मला आपलं शाळेचं गॅदरिंग आठवलं, तू दाढी चिकटवून उभा.

रविवारी तिला पांडवलेण्यांवर नेलं. पायऱ्या चढताना कुरकुर. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही म्हटल्यावर तर तोंडच फुगलं. दहाव्या लेण्यात नहपानाचा (तुझ्या गौतमीपुत्राने हरवलेला तो क्षत्रप राजा) जावई उषवदात याचा लेख आहे. ब्राह्मी मला कुठली वाचता येतेय! अर्थ वहीत उतरवून नेला होता. गोवर्धनच्या (आपल्या गंगापूरजवळचं तेच) विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेवली. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२. मुद्दलाला हात लावायचा नाही.

"म्हणजे एफडी!" म्हणून पोरीने तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. महिन्याचे २०, वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, पुन्हा २४०. "मामा, जुळलं!" एवढ्या मोठ्याने ओरडली की खालून येणारं एक जोडपं जागीच थबकलं.

अरे, हे तुझ्या पुस्तकात हवं. राजा नको असं नाही. पण तो जिंकला हे सांगायला आकाश कशाला थरारायला हवं? १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. काहींवर त्याखाली नहपानाचा चेहरा अजून पुसट दिसतो. असं एक नाणं पानभर छाप आणि गप्प बस. मुलं विचारतील ते विचारू देत.

आणि तिसऱ्या लेण्यातली ती स्तुती, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याची, तू सरळ बातमी असल्यासारखी दिलीस. ती कोरवून घेतली त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. आई लेकाचं कौतुक करते तेव्हा त्यातलं किती धरायचं, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनाच ठरवू दे.

रागावलास तर रागाव, पण दुसरं प्रकरण लवकर पाठव. उषवदाताच्या ठेवीतल्या उरलेल्या १००० वर दरमहा पाऊण टक्का व्याज होतं. त्याचे वर्षाचे ९० भाचीने काढून ठेवलेत आणि तुझ्या पुस्तकात ते येतात का, हे ती तपासणार आहे.

तुझाच,
दाढी चिकटवून देणारा