आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या भावाने आधी मोबाइललाच विचारले होते

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

सायकोसिसची, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे, उगाच पाळत असल्याचे वाटणे अशा मानसिक आजाराची, पहिली लक्षणे दिसताच तरुणांनी उपचार घ्यावेत, यासाठी इंटरनेटवर वर्षभर जाहिराती देण्याचा शब्द आपण सभागृहात दिला होता. त्या जाहिराती तीन महिन्यांतच बंद केल्याचे आपल्या खात्याचे उत्तर मला परवा मिळाले. कारण म्हणून "अपेक्षित प्रतिसाद नाही" एवढेच लिहिले आहे.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबू लागला, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावू लागला. आम्ही परीक्षेचा ताण समजलो. त्याला डॉक्टरांकडे न्यायला आम्हाला ११ महिने लागले, तेही त्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही तेव्हा. पुढे तो सावरल्यावर त्यानेच मला मोबाइल दाखवला. अगदी पहिल्या महिन्यात, रात्री अडीच वाजता त्याने शोधले होते, "खोलीत कोणी नसताना आवाज का येतात". त्यानंतर उघडलेली पाने दोनच होती : एक कानाच्या थेंबांचे, दुसरे सात दिवसांत आवाज घालवण्याची हमी देणारे. आम्हाला जे तो सांगू शकला नाही ते त्याने तिथे विचारले होते, आणि तिथे आपले खाते नव्हते. ते ११ महिने मी त्याला आळशी म्हणत होते. अजूनही रात्री ते आठवून मला झोप लागत नाही.

नॉर्वेतील रोगालँडमध्ये १९९७ पासून वर्तमानपत्रे, रेडिओ आणि चित्रपटगृहांतून अशा जाहिराती झाल्या आणि फोन येताच तपासणी करणारी पथकेही नेमली गेली. तेव्हा लक्षणे सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) सुमारे ५ आठवडे होता. पुढे पथके कायम ठेवून केवळ जाहिराती थांबवल्या, तर तो १५ आठवड्यांवर गेला. आपण मात्र क्लिक मोजले आणि फाइल बंद केली. किती जणांनी फोन केला, त्यांना डॉक्टर किती दिवसांनी भेटले, याचा त्या उत्तरात उल्लेखही नाही. आजार हाताबाहेर गेल्यावर खाटांसाठी पैसा निघतो, त्याआधी निघत नाही. साऱ्या आरोग्यव्यवस्थेची हीच रीत झाली आहे, आणि तिची किंमत घरोघरी आमच्यासारखे लोक मोजतात.

जाहिराती पुन्हा सुरू करा. आजाराचे नाव ज्याला ठाऊक नाही, तो "आवाज येतात", "मुलगा एकटाच बोलतो" असेच शोधणार, म्हणून त्याच शब्दांवर त्या दिसू द्या. मात्र त्या कोणाच्या मागे पानोपानी फिरू नयेत. आपल्यावर पाळत आहे असे ज्याला वाटते, तो त्याने अधिकच घाबरेल. दिलेला क्रमांक रात्री अडीचलाही जाणत्या माणसाने उचलावा.

त्या कोणत्या तारखेपासून सुरू होणार, हे मला लेखी कळवावे.

आपली,
एका रुग्णाची थोरली बहीण