पापलेट एक की अनेक? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तेव्हा सातपाटीच्या बंदरावर झालेला आनंद मी पाहिला आहे. मागणी इथल्याच मच्छीमारांनी लावून धरली होती. मी पालघर तालुक्यात जीवशास्त्र शिकवते आणि माझे माहेर कोळीवाड्यातले आहे, म्हणून हे पत्र.

माझे वडील एक प्रश्न वरचेवर विचारत. उत्तरेकडे डोल म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यांत पापलेटची बोटभर पिल्ले मरतात, ती जगली असती तर मोठी होऊन आपल्याच जाळ्यात आली असती का? त्या वेळी त्यांना कोणीही उत्तर दिले नाही. आज ते उत्तर माशाच्या डीएनएवरून शोधता येते. त्यासाठी माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा आणि तो टिकवायला अल्कोहोलची छोटी बाटली लागते.

आधी नावाचे बोलते. आपण वर्षानुवर्षे पापलेटला पॅम्पस अर्जेन्टियस म्हणत आलो. ते नाव १७८८ साली चीनकडच्या माशावरून दिलेले. गेल्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरच्या पापलेटचे डीएनए बारकोड, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाची सुमारे ६५० अक्षरे, तपासले. आपला मासा चीनच्या माशापासून वेगळा निघाला. त्याला शोभणारे नाव फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ मध्येच देऊन ठेवले होते : पॅम्पस कँडिडस. हलवा आणि पापलेट यांतला फरक मासळीबाजारात लहान पोरही सांगेल, कापरी पापलेटही ओळखू येते. पण आपल्या आणि चीनच्या पापलेटमधला हा फरक नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारा नाही. राज्यमाशाच्या सरकारी कागदांवर कोणते नाव आहे, ते कृपया एकदा तपासून घ्यावे. इतक्या प्रेमाने मान दिलेल्या माशाचे नाव तरी बरोबर असावे.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पॅम्पस कँडिडस ही एक जात मान्य केली, तरी डहाणूचा, हर्णैचा, गुजरातेतल्या वेरावळचा आणि बंगालच्या दिघ्याचा पापलेट एकमेकांत मिसळून वीण करतो, की प्रत्येकाचा आपला गोतावळा आहे? समुद्रात कुंपण नाही, अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे सगळे एकच असणार असे वाटते. अनेक माशांच्या बाबतीत ते खरे ठरले आहे, पण काहींच्या बाबतीत साफ खोटे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी किनाऱ्याजवळ राहणारा कॉड मासा आणि दुरून विणीला येणारा कॉड एकाच पाण्यात सापडतो. तिथे २००९ पासून पकडलेल्या माशांची जनुकीय तपासणी करून ठरवतात की त्या जागी मासेमारी खुली ठेवायची की बंद. किनाऱ्यावरचा कॉड कमी उरला आहे, त्याला वाचवत बाकीचा पकडायचा, असा तो हिशेब.

आपल्याकडे २०२३ मध्येच ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली गेली. निर्णय चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण लांबी ठरते ती मादी कोणत्या आकाराला अंड्यावर येते यावरून, आणि हा आकार वेगवेगळ्या गटांत वेगळा असू शकतो. गट एकच असेल, तर गुजरात आणि महाराष्ट्राने मिळून नियम केल्याशिवाय आमचा त्याग वाया जाईल. गट वेगळे असतील, तर आमचा मासा वाचवण्याची जबाबदारी पूर्णपणे आमची. दोन्ही शक्यतांत कोळ्याने करायचे ते वेगळे आहे, म्हणून मला हे कळायला हवे.

एक सावधगिरी सांगते, कारण ती लपवणे योग्य नाही. जनुके सारखी निघाली म्हणून गट एकच, असे लगेच म्हणता येत नाही. पिढीला मोजकेच मासे इकडून तिकडे गेले, तरी जनुकांतला फरक पुसला जातो, पण तेवढ्याने एखाद्या बंदराची रिकामी जाळी भरत नाहीत. म्हणून केवळ मायटोकॉन्ड्रियावर थांबू नये. तो आईकडून येतो, अर्धीच गोष्ट सांगतो. संपूर्ण जनुकसंचातील हजारो खुणा पाहाव्यात, आणि नमुने गाभोळी भरलेल्या माशांचे घ्यावेत. चरायला सगळे एकत्र येतात, विणीला आपापल्या जागी जातात. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या काळात थोड्या नमुन्यांसाठी संशोधकांना वेगळी परवानगी द्यावी लागेल. ती आपल्या हातात आहे.

न्यूझीलंडच्या टास्मान उपसागरातल्या स्नॅपर माशाची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तिथे १९५० पासूनचे खवले कोणीतरी जपून ठेवले होते. २००२ मध्ये त्यांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समुद्रात लाखो मासे असूनही पुढच्या पिढीत जनुके टिकवणाऱ्या माशांची संख्या प्रत्यक्षात फक्त काही शेकड्यांत निघाली, आणि मासेमारी वाढली तशी विविधता घटत गेली होती. मासे मोजून हे कधीच कळले नसते. जुने खवले होते, म्हणून कळले. आपण १९७० चा, १९९० चा पापलेट कुठे जपला आहे?

म्हणून मागणी इतकीच. डहाणू, सातपाटी, वसई, वर्सोवा, ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा आणि मालवण येथे दरवर्षी पापलेटच्या पराचे तुकडे गोळा करावेत, प्रत्येकावर तारीख आणि पकडल्याची जागा लिहून ते कायमचे जतन करावेत. वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र मुंबईत आहे, लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोचा विभाग कोचीत आहे. माणसे आणि यंत्रे देशात आहेत. गुजरातच्या मत्स्य विभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे. तुकडे गोळा करण्याचे काम मच्छीमार सहकारी संस्थांना मोबदला देऊन द्यावे. किती वाव खोल पाण्यात कोणता मासा मिळाला, हे बोटीच्या तांडेलाइतके नीट कोण सांगणार? आणि जे निष्पन्न होईल ते मराठीत छापून बंदरावर लावावे.

माझ्या वर्गात दरवर्षी कोळ्यांची मुले असतात. वडिलांचा तोच प्रश्न आता ती मला विचारतात. येत्या हंगामात बोटी समुद्रात उतरतील तेव्हा पहिल्या बाटल्या बंदरावर पोहोचलेल्या असाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
पालघर तालुक्यातील एक शिक्षिका