घाणेरीची मोजणी पावसाळ्यानंतर करा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च संपत आला की अमुक अभयारण्यात इतक्या हेक्टरवरची घाणेरी, म्हणजे लँटाना हे रान व्यापणारे परके झुडूप, काढली, अशा बातम्या येऊ लागतात. वनपाल म्हणून विदर्भातल्या एका परिक्षेत्रात मी ही कामे करून घेतली आहेत, मस्टर भरले आहेत, मोजमाप पुस्तिकेत हेक्टर लिहिले आहेत. त्या हेक्टरवरून मजुरांच्या टोळीने खरे किती काम केले ते कळत नाही, हे मला सांगायचे आहे.

घाणेरी कोयत्याने बुंध्यापाशी छाटली की रान लगेच मोकळे दिसते. पाऊस पडला की त्याच खुंटाला फुटवे येतात आणि झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. ती कायमची जायला हवी असेल तर बुडाची माती सारून, खोड जिथे संपते त्याच्या दोन-तीन बोटे खाली मुख्य मूळ तोडावे लागते. मग अख्खे झुडूप उलटे करून ठेवायचे, कारण मातीला टेकलेली फांदीसुद्धा रुजते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत बसवली आणि ती उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली गेली. छाटणारी टोळी अशी मुळे तोडणाऱ्या टोळीच्या कितीतरी पुढे जाते. कागदावर तीच कार्यक्षम! कामाआधीचे आणि नंतरचे फोटो हल्ली घेतात, पण छाटलेले आणि मुळासकट काढलेले रान त्या दिवशीच्या फोटोत सारखेच दिसते.

त्यात निधी उशिरा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन इतकी टणक झालेली असते की कुदळ उडते आणि मूळ वरच्या वर तुटते. हाताखालच्या बाया सांगायच्या, "साहेब, हे काम पावसाळ्यातलं आहे." त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते, पण वर्षअखेरचे उद्दिष्ट गाठायचे असे. रानतुळस या दुसऱ्या परक्या तणाचे तर याहून वाईट. ओल्या मातीत ती हाताने सहज उपटून येते, मात्र फुलोऱ्याआधीच उपटायला हवी. बी धरल्यावर उपटली की मजुरांच्या पदरातून आणि झटकलेल्या पेंढ्यांतून तीच पसरते. आणि या दोन्ही कामांना मजुरी लावताना हेक्टरच मोजायचा!

मोजणीत न येणारे आणखी बरेच असते. कामाच्या जागेपर्यंतची चाल, उतार, दाट जाळीत अस्वल नाही ना हे पाहण्यात जाणारा वेळ. झुडपाखाली दबलेले धावड्याचे किंवा तेंदूचे रोप ओळखून ते राखणारी बाई हळू चालणारच. ते वाचलेले रोप कोणत्याच रकान्यात नाही.

दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून ‘वर्किंग फॉर वॉटर’ नावाचा सरकारी कार्यक्रम परकी झाडे काढतो. तिथे झाडाची जात, वय, दाटी, उतार आणि चालण्याचे अंतर धरून हेक्टरी मनुष्यदिवस ठरवतात, आणि पहिल्या सफाईनंतरच्या फेऱ्याही आराखड्यात असतात. आपल्याकडे निदान दाटीचे तीन वर्ग करून वेगळे दर लावणे अवघड नाही.

माझी सूचना अशी. काम सुरू होण्याआधी प्रत्येक कक्षात, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या विभागात, दहा बाय दहा मीटरचे काही तुकडे आखावेत, कोपऱ्यांना खुणेचे दगड रोवावेत आणि घाणेरीचे बुंधे मोजावेत. पुढचा पावसाळा सरल्यावर त्याच तुकड्यांत जाऊन किती खुंट फुटले, नवी रोपे किती आली, गवत किती धरले ते लिहावे. बुलबुल बसतात त्या झाडांखाली मुद्दाम पाहावे, फळे खाऊन ते बी तिथेच टाकतात. तोच कक्ष त्याच टोळीकडे तीन वर्षे ठेवावा. मजुरांची रोजी मात्र रोजच्या रोज मिळालीच पाहिजे, पावसाळ्यानंतरच्या निकालासाठी ती अडकवू नये. चांगल्या निकालाचे बक्षीस रोजीशिवाय वेगळे द्यावे आणि निकाल वाईट आला तर जाब उद्दिष्ट ठरवणाऱ्याला विचारावा.

देशातल्या वाघांचा वावर असलेल्या प्रदेशांतल्या ४० टक्क्यांहून अधिक जंगलात घाणेरी शिरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. एवढ्या पसाऱ्यात तीच जागा पुन:पुन्हा साफ करणे परवडणारे नाही. आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या मार्चमध्ये हेक्टरचा आकडा हाती आला की आदल्या वर्षीच्या कक्षांत आज किती खुंट जिवंत आहेत, हेही विचारावे आणि दोन्ही आकडे शेजारी छापावेत.

आपला,
एक निवृत्त वनपाल
जि. चंद्रपूर