तात्या, तुम्ही माझ्या हातात रापी दिलीत

तात्या, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल. मधलं काही गाळायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय. समोर बसून बोलायला लागले की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा मागवता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय.

कोल्हापूरच्या सुभाषनगरात, तुमच्या चपला करणाऱ्यांच्या वस्तीत, पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडं एक वही होती आणि वहीत न्यूयॉर्कच्या पर्स घडवणाऱ्या ज्युडिथ लायबरच्या पर्सचे फोटो चिकटवलेले होते. कलिंगडाची फोड, वांगं, शतावरीच्या कोंबांची जुडी, मांजर, डुक्कर. सगळ्या पर्सच, मुठीत मावतील एवढ्या, वरून हजारो खडे एकेक करून हातानं बसवलेले. दोन-तीन कारखान्यांत वही दाखवली होती. बघून परत मिळायची. तुम्ही मात्र चष्मा लावून एकेक पान उलटलंत आणि म्हणालात, "आमच्या आईच्या साजात कारलं हाय की. मासा हाय, कासव हाय, भुंगा हाय. ते गळ्यात चालतंय, मग हातात का चालू नये?"

गुजरीत, सराफांच्या पेठेत, हा गळ्यातला कोल्हापुरी साज मी लहानपणापासून बघितला होता. त्याची एकवीस पानं आजी बोटानं मोजून दाखवायची. तरी लायबरबाईंच्या वांग्याशी आपल्या कारल्याचं नातं मला तोवर दिसलं नव्हतं. माझं काम खरं तर त्या दिवशी सुरू झालं.

त्या बाईंची गोष्ट मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आज सलग सांगते. जन्म बुडापेस्टचा, १९२१ सालचा, ज्यू घरातला. घरच्यांनी १९३८ मध्ये त्यांना रसायनशास्त्र शिकायला लंडनला पाठवलं होतं. महायुद्धामुळं ते सुटलं, त्या परत आल्या आणि बुडापेस्टच्याच एका पर्सच्या कारखान्यात उमेदवारीला लागल्या. सुरुवात झाडू मारण्यापासून आणि सरस शिजवण्यापासून. मग कापणं, शिवणं, जोडणं सगळं शिकल्या, आणि तिथल्या पर्स कारागिरांच्या संघात घेतलेली पहिली स्त्री ठरल्या. युद्धात लपून जीव वाचवला. पुढं एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथं बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं. आयझेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष झाले त्या १९५३ च्या सोहळ्यात त्यांच्या पत्नीच्या हातात जी पर्स होती ती ह्यांच्या हातची, पण नाव दुसऱ्याच कंपनीचं. स्वतःचं नाव लागायला १९६३ उजाडलं, म्हणजे वयाची चाळिशी उलटून गेलेली.

आक्कांनी तेव्हा विचारलं होतं, "नवरा कसा हुता?" नवरा चित्रकार. दोघंही नव्वदी ओलांडून, २८ एप्रिल २०१८ ला, काही तासांच्या अंतरानं गेली. हे ऐकून आक्का काही बोलल्या नाहीत. हातातली कातड्याची वेणी मात्र त्यांनी सोडली, सारखी केली आणि परत विणायला घेतली.

उमेदवारीतला तो झाडू तुम्ही मलाही दिलात. सहा महिने कातरण गोळा केली, वाद्या भिजवल्या, बाभळीच्या साली-हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा कडक भाग कुठला नि मऊ कुठला ते बोटांनी ओळखायला शिकले. आपल्या धंद्यात वेणी, गोंडा, नक्षी बायका करतात, कापणं, म्हणजे कातड्यावर रापीचं पातं चालवणं, गड्यांचं. बाहेरच्या घरातली मुलगी रापी धरतेय म्हणून गल्लीत कुजबूज झाली, ती माझ्याही कानावर आली होती. तुम्ही ती माझ्यासमोर कधी काढली नाहीत. एका सकाळी नुसती रापी पुढं केलीत. "काप. वाया गेलं तर माझं जाईल."

ते वाक्य मी विसरले नाही, तात्या. वाया खूप गेलं, आणि त्याचे पैसे तुम्ही कधी मागितले नाहीत.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगा घरात शिरली. त्याच वर्षी कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू ह्याच भागाची अशी सरकारी नोंद, मिळालं होतं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. लोक आनंदात होते, आणि माझ्या पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या बारा पिशव्या पाण्यात. बाहेर काढल्या तेव्हा बुरशी आणि काळे डाग. गिऱ्हाइकानं फोनवरच नकार दिला. मी त्या पोत्यात भरून तुमच्याकडं आणल्या, कातडं कशाला तरी उपयोगी पडेल म्हणून.

तुमच्या स्वतःच्या घरात तेव्हा चिखल होता. तरी तुम्ही पोतं उघडलंत. "उन्हात टाकू नको, कडक हुईल." सावलीत वाळवल्या, बुरशी पुसली, तेलाचा हात दिला. डाग जाईना. तेव्हा तुम्ही कातरणीतून एक मासा कापलात आणि बरोबर डागावर ठेवलात. दुसऱ्या डागावर कासव. लांबोळक्या डागावर कारलं. आक्कांनी कडेनं बारीक वेणी घातली. बारापैकी नऊ पिशव्या उभ्या राहिल्या, आणि त्या नऊ विकल्या गेल्या. आज लोक मला "ती कारल्याच्या पर्सवाली" म्हणून ओळखतात, ती ओळख त्या चार दिवसांतली आहे.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. लायबरबाईंच्या खड्यांच्या पर्सचा जन्मही असाच आहे. १९६७ मध्ये त्यांनी मागवलेले पितळी सांगाडे सोन्याचा मुलामा बिघडून, रंग उतरून आले. टाकून द्यायच्या ऐवजी त्यांनी डागाळलेल्या जागी खडे लावले. वहीतली कलिंगडं, मांजरं सगळी त्यानंतरची. मला हे पुरानंतर दोन वर्षांनी वाचायला मिळालं, आणि वाचताना मला न्यूयॉर्क दिसलंच नाही. तुम्ही उकिडवे बसून कातरणीत माशाजोगा तुकडा शोधताय, ते दिसलं.

ती वही आता तुमच्या दुकानातच राहू दे. शेवटच्या पानावर आपल्या पहिल्या माशाचा फोटो लावलाय, नातवाला दाखवायला सांगा.

मंगळवारी येते. भुंग्याचे पंख मला अजून नीट कापता येत नाहीत, तेवढे एकदा परत दाखवा.

तुमची,
वहीवाली पोर