गणित सोडताना हे कोणी सांगत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरची 'दहावी-बारावीनंतर काय' ही पुरवणी आमच्याकडे दरवर्षी जपून ठेवली जाते, शेजारपाजारचेही मागून नेतात. यंदाही सगळी वाचली. इंजिनीअरिंगला अडीच पानं, मेडिकलला दोन, आणि बी.एस्सी.ला कोपऱ्यातला एक चौकोन, त्यात केमिस्ट्रीबद्दल ओळ काय तर 'फार्मा क्षेत्रात भरपूर संधी'. अहो संधी आहेत, पण कुणाला, कुठल्या विषयांवर, कुठल्या परीक्षेतून, ते कुठंय? म्हणून हे पत्र. जरा लांब होईल, कापलंत तरी चालेल, फक्त गणिताचा भाग तेवढा कापू नका.

मी चिपळूणकडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे, 26 वर्षं झाली. प्रोफेसर नाही, शिकवत नाही, सोल्युशनं बनवतो, ब्युरेटी मोजून देतो आणि मोजून परत घेतो. पण जूनमध्ये अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर माणसं कमी पडतात तेव्हा मलाच बसवतात, त्यामुळे मुलं आत येताना पण बघतो आणि तीन वर्षांनी बाहेर पडताना पण.

काउंटरवरचा नेहमीचा सीन असा. आई आणि मुलगी. नीटला मार्क कमी पडलेत, मुलगी खाली बघतेय, आई म्हणते घरी बसून काय करणार म्हणून बी.एस्सी. टाकून ठेवू, वर्षभर रिपीटची तयारी पण होईल. मग हळूच विचारते, "केमिस्ट्री केल्यावर मेडिकल टाकता येतं ना?" म्हणजे औषधाचं दुकान. नाही येत हो. त्याला डी.फार्म. किंवा बी.फार्म. करून फार्मसिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन लागतं, दुकानावर 'केमिस्ट' लिहितात त्या केमिस्टचा आणि आमच्या केमिस्ट्रीचा एवढाच संबंध की स्पेलिंग सारखं. हे दरवर्षी निदान दहा जणांना तरी समजावून सांगतो.

बी.एस्सी.ला यायचं म्हणजे तसं काही अवघड नाही, आणि तिथेच गोची आहे. बारावी सायन्स पास, मार्कांवर मेरिट लिस्ट, सीईटी नाही. (बीबीए-बीसीएला 2024 पासून सीईटी आली, आमच्या बी.एस्सी.ला अजून नाही.) बारावीला गणित होतं का बायोलॉजी, बहुतेक कॉलेजं विचारतच नाहीत, दोघांनाही घेतात. त्यामुळे पोरांना वाटतं गणिताचा काही संबंध नाही. बी ग्रुपवाले, म्हणजे बायोलॉजी घेतलेले, बरेच जण तर अकरावीतच गणिताच्या जागी भूगोल घेतात, स्कोअरिंग म्हणून.

आणि मग सेकंड इयरला कायनेटिक्सचं, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग मोजायचं प्रॅक्टिकल लागतं. मिथाइल अ‍ॅसिटेटचं अ‍ॅसिडमध्ये हायड्रोलिसिस, ज्यांनी बी.एस्सी. केलंय त्यांना आठवत असेल. दर दहा मिनिटांनी पाच एमएल मिक्श्चर काढायचं, बर्फाच्या पाण्यात ओतायचं म्हणजे रिअ‍ॅक्शन थांबते, फिनॉल्फ्थॅलीन टाकून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. इथपर्यंत सगळ्यांचं झकास, उलट बायोलॉजीवाल्या मुलींचा हात जास्त साफ असतो, फिका गुलाबी रंग आला की थेंबावर थांबतात. मग येतं इन्फिनिटी रीडिंग, म्हणजे रिअ‍ॅक्शन पूर्ण संपल्यावरचं. एका मुलीने मला अगदी सिरियसली विचारलं होतं, "काका, इन्फिनिटी किती वाजता घ्यायचं?" मी म्हटलं उद्या सकाळी ये, तोपर्यंत इन्फिनिटी होते. हसलो आम्ही दोघं पण, पण पुढे लॉगचा ग्राफ काढायचा, त्याच्या स्लोपवरून के, म्हणजे वेगाचा आकडा, काढायचा, ते लॉगचं सूत्र कुठून आलं हे समजायला इंटिग्रेशन लागतं, तिथे ती अडकली ती अडकलीच. जर्नलमध्ये मैत्रिणीची आकडेमोड उतरवली, परीक्षेला पाठ केली, पास झाली. पोरगी हुशार होती हो, तिला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलंच नव्हतं की फिजिकल केमिस्ट्री म्हणजे निम्मं गणित. क्वांटमला तर डिफरन्शियल इक्वेशनशिवाय दारात पण उभं करत नाहीत.

पण नापास होण्याची भीती हा माझा मुद्दा नाही, पास सगळेच होतात. मुद्दा दारांचा आहे. कुठलं दार कशावर उघडतं ते बघा.

माझ्या पुतणीचंच सांगतो. दहावीला 91 टक्के. क्लासच्या सरांनी सांगितलं गणित सोड, नीटवर फोकस कर, तिने सोडलं. नीट झालं नाही, बी.एस्सी. केमिस्ट्री केली, फर्स्ट क्लास. मग कळलं की बी.एस्सी.वाल्यांना इंजिनीअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला घेतात, डिप्लोमावाल्यांसारखंच, आमच्या घरात आनंदीआनंद, केमिकल इंजिनीअर होणार म्हणून. डॉक्युमेंट तपासायला गेलो, त्यांनी बारावीची मार्कशीट उलटसुलट केली आणि म्हणाले गणित कुठाय? नियमच आहे तो, बी.एस्सी. चालते पण बारावीला गणित पाहिजे. ती बाहेर येऊन काही बोलली नाही, परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली. तीन वर्षं डिग्री केली आणि अडली कुठे तर सोळाव्या वर्षी भरलेल्या एका फॉर्मात.

बाकीची दारं पण तशीच. दिल्ली विद्यापीठात सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन केमिस्ट्री ऑनर्सला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात, बायोलॉजीने भागत नाही. आयआयटी मुंबईत केमिस्ट्रीची चार वर्षांची बी.एस. डिग्री आहे, आमच्याकडे कोणाला माहीतच नाही, सगळ्यांना वाटतं आयआयटी म्हणजे कॉम्प्युटर, पण तिथे जायला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे पुन्हा गणित. माटुंग्याचं आयसीटी, पूर्वीचं यूडीसीटी, 1933 पासूनचं, तिथे केमिकल इंजिनीअरिंग आणि डाइज, पॉलिमर वगैरेचं बी.टेक. आहे, ते सीईटी नाहीतर जेईई मेनवर, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितवाल्यांना. बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं म्हटलं तरी काही आयआयटी बारावीचं गणित मागतात. म्हणजे ते आधीही आडवं येतं आणि नंतरही.

आयसर या केंद्र सरकारच्या सायन्स संस्थेचं थोडं वेगळं. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) शेजारी आहे, 2006 पासून, पाच वर्षांची बीएस-एमएस. सुरुवातीला चारही सायन्स शिकवतात, मेजर म्हणजे मुख्य विषय नंतर. बारावीला 60 टक्के लागतात (एससी, एसटी आणि दिव्यांगांना 55), आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी यातले कुठलेही तीन असले तर बसता येतं, त्यामुळे बी ग्रुपवाल्यांना वाटतं चला जमलं. पण आयसरच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे 15-15 प्रश्न, चुकलं की एक मार्क कट, तिथे गणिताचे 15 सोडून कसं चालेल? नेस्ट या दुसऱ्या परीक्षेत मात्र चारपैकी चांगले तीनच विषय धरतात, त्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिना कॅम्पसमधलं सीईबीएस या सायन्सच्याच संस्था मिळतात. चिपळूणहून कालिन्याला ट्रेनने एका दिवसात जाऊन येता येतं आणि आमच्या तालुक्यातून तिथे गेलेला एकही पोरगा माझ्या बघण्यात नाही.

म्हणजे बायोलॉजीवाल्यांनी केमिस्ट्री करू नये असं नाही हं. बायोकेमिस्ट्री, फूड, कॉस्मेटिक, औषधांचं अ‍ॅनालिसिस, तिथे त्यांचंच चालतं. ज्यांना शिक्षक व्हायचंय त्यांच्यासाठी बारावीनंतर चार वर्षांचं बी.एस्सी.बी.एड. पण आहे, भोपाळच्या रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये महाराष्ट्राची मुलं जातात, साध्या मार्गाने पाच वर्षं लागतात त्यातलं एक वाचतं. ज्यांना झेपतं त्यांनी पीसीएमबी चारही ठेवावेत, दमछाक होते पण दोन वर्षंच.

आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे डिग्रीचा साचाच बदललाय, त्यावर पण पुरवणीत काही नाही. आमच्या वेळी कसं, एफ.वाय.ला तीन विषय, टी.वाय.ला सिक्स युनिट केमिस्ट्री, विषय संपला. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, ओजेटी, पालक फॉर्म बघून घाबरतात. साधं सांगायचं तर 44 क्रेडिट एका वर्षाचे, 132 झाले की तीन वर्षांची डिग्री, 176 झाले की चार वर्षांची ऑनर्स. चौथं वर्ष रिसर्चचं पाहिजे असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के किंवा साडेसात सीजीपीए पाहिजे. चार वर्षं केलीत तर एम.एस्सी. एका वर्षात होते, तीनच केलीत तर पूर्वीसारखी दोन. पण रिसर्चचं चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं, ज्याच्याकडे पीएच.डी.चं मान्यता असलेलं सेंटर आहे तिथेच, तेव्हा अ‍ॅडमिशन घेतानाच विचारून घ्या की चौथ्या वर्षी आम्ही कुठे जायचं. आणि मायनर, म्हणजे जोडीचा विषय. कागदावर मायनर काय वाट्टेल ते असतं, प्रत्यक्षात टाइमटेबलमध्ये बसेल ते मिळतं. गणित मायनर घेऊन केमिस्ट्री करायची सोय एखाद्या कॉलेजात असेल तर त्याच्यासारखं काही नाही, माझं मत. पण ते गणित डिग्रीतलं झालं, जे बारावीचं मागतात त्यांना ते पुरेलच असं नाही.

नोकरीचं म्हणाल तर आमच्याकडे लोटे परशुरामला एमआयडीसी आहे, बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांना तिथे क्यूसीत (माल तपासायला), प्रॉडक्शनला घेतात. पुतणी तिथेच लागली, एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन चालवते, सकाळच्या शिफ्टला पावणेसहाला कंपनीची बस. जाहिरातीत 'एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट' लिहिलेलं असतं, तो शिक्का मिळवायला अनुभव लागतो, त्या वाटेवर आहे ती. वाईट काही नाही. पण मशीनच्या ग्राफमधला पीक, म्हणजे उंचवटा बघून तो असा का आला हे तिला विचारायचं असतं आणि तिचे सर म्हणतात रिपोर्ट काढ.

एक गोष्ट मात्र पुतणीच्या वेळी मलाही माहीत नव्हती. बारावी होऊन गेल्यावर सुद्धा बोर्डाच्या परीक्षेला एखादा राहिलेला विषय घेऊन बसता येतं, बोर्डाच्या भाषेत 'तुरळक विषय'. दरवर्षी फॉर्म भरायच्या सूचनेत हा शब्द छापून येतो, आपल्या पेपरातही येतो, पण त्याचा अर्थ काय हे कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या एफ.वाय.च्या दोन मुलींना मी सांगितलं, दोघींनी गणिताचा फॉर्म भरला. मात्र ज्या कोर्सला जायचंय तिथे असं नंतर दिलेलं गणित चालतं का, हे त्या कोर्सच्या माहितीपत्रकात आधी वाचून घ्यायचं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वर्षी पुरवणी बारावीच्या निकालानंतर काढण्याऐवजी दहावीच्या निकालाच्या आठवड्यात काढा, अकरावीचे ऑनलाइन फॉर्म आता सगळ्या राज्यात एकदमच सुटतात, त्याच्या आत. केमिस्ट्रीला पान नको, अर्धं द्या. डावीकडे डिग्रीचं नाव, उजवीकडे बारावीला काय लागतं आणि परीक्षा कुठली, बस. मी ते कात्रण लॅबच्या दारावर लावीन आणि एक काउंटरच्या काचेवर, आतल्या बाजूने, म्हणजे पावसाने भिजणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक लॅब असिस्टंट, चिपळूण